घर क्रमांक बासष्ट

पाच देशांच्या तंबाखू-नियंत्रण संशोधनात आमचं केंद्र पहिलं आलं. तपासणीत सगळी उत्तरं जुळली, एकही माणूस खोटा निघाला नाही, आणि त्याचं प्रमाणपत्र आमच्या केंद्रप्रमुख होडगे मॅडमच्या खुर्चीमागं काचेच्या चौकटीत लागलं.

असं काही झालेलं नाही. म्हणजे चौकट आहे, तिच्यावरची धूळ मी स्वतः पुसायचो. पण ते झालंच नाही असं धरून चाललं तर मला पुढचं सांगायला बरं पडेल.

तर सबिता दीदींनी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "भेटली."

"कोण?"

"गोजराबाई हसुरे. बोरजाईवाडी, घर क्रमांक बासष्ट."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. टेबल जिथं होतं तिथं ठेवला असता तर जास्त बरं झालं असतं.

"अरे, पँट!" सबिता दीदी म्हणाल्या. त्या नेपाळच्या, धरानच्या, आमच्या केंद्राची तपासणी करायला आलेल्या. मराठी त्यांना समजायचं, बोलायच्या हिंदीत, मी इथं मराठीत देतोय. "भाजलं का?"

"नाही," मी म्हणालो. चांगलंच भाजलं होतं. पण माझं तिकडं लक्ष नव्हतं, कारण गोजराबाई हसुरे नावाची बाई जगात नव्हती. हे मी शपथेवर सांगू शकत होतो. तिला दीड वर्षापूर्वी बोरजाईवाडीच्या एसटी थांब्यावर, सिमेंटच्या बाकावर बसून, साडेचारची गाडी यायच्या आधी चार मिनिटांत मी तयार केलं होतं.

हे नेटवर्क कसं उभं राहिलं ते थोडं सांगावं लागेल. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, टांझानिया आणि गडहिंग्लज. कागदावर भारत होतं, पण भारत म्हणजे आम्हीच, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. होडगे मॅडमनी चार वर्षं खपून हे जमवलं होतं. गरीब देशांत तंबाखूनं काय होतं ते श्रीमंत देशांनी येऊन का सांगावं, आपणच एकमेकांना विचारू, असं त्यांचं म्हणणं. पाचही देशांत एकच प्रश्नावली. कुठं सुरती, कुठं जर्दा, आमच्याकडं मिश्री, म्हणजे तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड, बायका दातांना घासतात ती. एक चिमूट म्हणजे किती, यावरच सात महिने गेले. शेवटी प्रत्येक देशानं आपापली चिमूट वजन करून पाकिटातून पाठवली. टांझानियाची चिमूट ऐकून बांगलादेश दोन दिवस बोलला नाही.

आणि एक नियम होता, मित्रतपासणी. एका देशाच्या माणसानं दुसऱ्या देशात जायचं, चिठ्ठीत निघालेल्या बायकांना पुन्हा भेटायचं, तेच प्रश्न विचारायचे. एक जरी बाई जागेवर नसली, तरी केंद्र नेटवर्कमधून बाहेर. आमच्या केंद्रावर नऊ माणसांची घरं चालत होती. नववा मी, सुहास नांदवडेकर, वय तेव्हा चोवीस.

बोरजाईवाडीत मिश्री लावणाऱ्या चाळीस बायका हव्या होत्या. मला एकोणचाळीस मिळाल्या. गावात घरं एकसष्ट, म्हणून मी बासष्ट लिहिलं. माळावरचं शेवटचं घर. चिठ्ठी काढली गेली ढाक्यात, आणि चाळीस बायकांतून नेमकी तीच वर आली.

माझा बेत तयार होता. ती मेली म्हणून सांगता येत नव्हतं. मेलेल्या बाईचा फॉर्म बावीस पानांचा असतो आणि तो नातेवाइकांना विचारून भरतात, हिला तर कुणी नव्हतं. म्हणून ती पुण्याला गेली असं सांगणार होतो. पण मी दाढ काढायला एक दिवस रजेवर गेलो आणि सबिता दीदी सर्जेराव ड्रायव्हरला घेऊन परस्पर जाऊन आल्या.

"सगळं जुळलं," त्या म्हणाल्या. "नवरा नाही. मूल नाही. वीज नाही, रेडिओ नाही, मोबाईल नाही. दिवसातून आठ वेळा मिश्री. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं. असं मी कुठं पाहिलं नाही."

"शाब्बास रे, सुहास!" आतून होडगे मॅडम ओरडल्या.

"फक्त एक गोष्ट. तोंडात डाव्या गालाला पांढरा चट्टा आहे. तुझ्या फॉर्मवर चट्टा नाही."

"नसेल तेव्हा," मी म्हणालो. एवढं तर मी लिहिलंच नव्हतं.

"नसेल. नंतर आला असेल, म्हणून चूक धरली नाही. पण मला तो आवडला नाही. चौदा वर्षं मी दातांच्या वॉर्डात काढली आहेत. तिला दवाखान्यात न्यायला हवं. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, ज्यानं लिहिलंय तो आला तर येते."

खाली सर्जेराव जीपचा आरसा पुसत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"सर्जेरावदादा, तुम्ही बघितलं घर?"

"बघितलं की. कौलारू. लांबनं."

"आत गेला नाहीत?"

"निघालो होतो, भावा. बाईंची पिशवी द्यायला. निम्म्यात गेलो आणि परत आलो."

"का?"

त्यानं आरशावर पुन्हा फडकं फिरवलं. "काय कळलं न्हाई बग. पाय म्हणाले, चल माघारी."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. भर दुपार, मार्च महिना, माळावर सावलीला एक दगडसुद्धा नाही. सर्जेरावानं जीप एकसष्ट नंबरच्या दारात थांबवली आणि इंजिन बंद न करता तंबाखू मळायला घेतली. आमच्या केंद्रात तंबाखू मळायला बंदी होती, पण हे केंद्र नव्हतं.

एकसष्टमध्ये पारूवहिनी सुतार राहायच्या. माझ्या एकोणचाळिसांपैकी एक, खऱ्या. त्या अंगणात शेंगा निवडत होत्या.

"आलास व्हय मास्तर? आता आणि कुणाचं तोंड बघायचंय?"

"वहिनी, ते पुढचं घर कधी झालं?"

त्यांनी मान वर न करता हात केला. "दीड वरीस झालं असंल."

"कुणी बांधलं?"

"कुणी बांधताना बघितलं न्हाई बाबा. एक दिस हुतं तिथं."

"आणि ती बाई?"

"हाय की. धूर निघतो सकाळचा."

"तुम्ही जात नाही कधी?"

आता त्यांनी मान वर केली. "एकदा सणाची पोळी घेऊन निघाले हुते. एकटी बाई, म्हटलं देऊन येऊ. त्या बाभळीपातुर गेले आणि माघारी आले. पोळी तशीच हातात. सासूनं इचारलं, का गं आलीस? मला सांगता येईना. तवापास्नं आमचं जाणं न्हाई, येणं न्हाई."

मला माझा फॉर्म आठवला. प्रश्न क्रमांक एकोणतीस असा होता: गेल्या महिन्यात शेजारपाजारचं कुणी आपल्याकडे किती वेळा आलं? एकदा जरी आलं असं लिहिलं तर कोण आलं, कशाला आलं, ते तंबाखू खातात का, अशी पुढची दीड पानं भरावी लागतात. मी शून्य लिहिलं होतं.

सर्वेक्षणात काम केलेल्या माणसालाच हे कळेल. प्रत्येक "हो" पानं वाढवतो. प्रत्येक "नाही" पुढच्या प्रश्नावर उडी मारून देतो. खऱ्या बाईसमोर बसलं की तिचे हो ऐकून घ्यावे लागतात, ती सांगतच राहते. खोट्या बाईचं तसं नसतं. साडेचारच्या गाडीसाठी मी तिला शक्य तेवढे नाही दिले होते.

बाभळ ओलांडून मी पुढं गेलो. मला कुणी माघारी वळवलं नाही.

घर होतं. भिंती मातीच्या, छप्पर कौलांचं, खोली एक. मी लिहिलं होतं तसंच. खिडकी नव्हती. प्रश्नावलीत खिडकीबद्दल काही विचारलेलं नव्हतं. अंगणात तुळस नाही, कोंबडी नाही, वाळत घातलेलं कापड नाही.

दारात बाई बसली होती. तिच्या लुगड्याचा रंग मला आजही सांगता येत नाही. मी त्याच्याकडं नीट बघितलं होतं, अगदी रंग लक्षात ठेवायचा म्हणून बघितलं होतं.

"आलास?" ती म्हणाली. "बस."

"मावशी, मला ओळखता?"

"ओळखायला काय झालं! अकरा वाजून धा मिनटांनी आल्तास. अकरा पंचावन्नला उठलास."

फॉर्मवर वेळ लिहावी लागते. पंचेचाळीस मिनिटांपेक्षा कमी लिहिली तर मॅडम शंका घेतात.

"पाऊण तास," ती म्हणाली. "एवढा येळ माझ्यापाशी दुसरं कोण बसलंय? किती म्हंजे किती इचारलंस मला. रोज आठवते मी. कवा झोप लागली न्हाई की पयल्या प्रश्नापास्नं धरते."

विनोद सुचत होते. मला ते कायम सुचतात, आजीच्या दहाव्यालाही सुचले होते. पण ते गालाच्या आतच राहिले.

"तोंड बघू, मावशी."

तिनं आ केला. मी टॉर्च लावला. दात काळे, हिरड्या मागं सरकलेल्या, आणि डाव्या गालाच्या आत पाच रुपयांच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा, मधोमध लाल. हे मी लिहिलेलं नव्हतं. सगळ्या घरात एवढीच एक वस्तू होती जी तिनं स्वतः मिळवली होती.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपास्नं. तिखट लागलं की आग हुती."

"मिश्री बंद करा. आजपासून."

"करू की," ती लगेच म्हणाली. मग जरा थांबून, चुकी माझी नाही असं सांगावं तशी म्हणाली, "पर तू लिवलंयस न्हवं? सोडायचा इचार हाय का, तर न्हाई. दोन-तीनदा बघितलं मी. डबी उचलून लांब टाकली. हात जातोच. आठ बारी जातो. आठ झाल्या की गप बसतो. नववी बारी लावू म्हटलं तर तेबी हुईना."

"मावशी—"

"तू बरा माणूस हायस. म्हणून इचारते. रागवू नगंस."

"विचारा."

"माझा मालक कशानं गेला?"

फॉर्मवर दोनच चौकोन असतात. पती हयात, पती मयत. मी दुसऱ्यावर फुली मारली होती. चार पानं भरायची वाचली होती.

"मला त्याचं तोंड आठवत न्हाई," ती म्हणाली. "लिवताना तुला दिसला आसंल. काळा हुता का गोरा?"

"सावळा," मी म्हणालो. "उंच होते."

"उंच," ती म्हणाली आणि दाराच्या चौकटीकडं वर बघितलं. तेवढ्या उंचीचा माणूस तिथून वाकून आत येईल का, याचा अंदाज घेत असावी.

"आणि लेकरू? ते झालंच न्हाई, का हून गेलं?"

"तसं काही लिहिलेलं नाही, मावशी. शून्य एवढंच आहे."

"शून्य का लिवलंस?"

खोटं सांगता आलं असतं. मी खोटं सांगण्यात तयार होतो, ती स्वतःच त्याचा पुरावा होती. पण तिच्याशी आणखी खोटं बोललो तर तेही खरं होईल, ही भीती वाटली.

"प्रत्येक मुलामागं पानं भरावी लागतात. मला गाडी पकडायची होती."

"एका पोरीला किती पानं लागली असती?"

"एक."

"एक," ती म्हणाली.

ती रागावली नाही. हात पुढं करून तिनं डबी उचलली, चिमूट घेतली, दातांना लावली. ही पाचवी असावी.

"चला मावशी," मी उठलो. "दवाखान्यात जाऊ. जीप आणलीय. सोबत नातेवाईक विचारतील तर मी सही करतो, भाचा म्हणून."

"चल की!" ती चटकन उठली. दार लावलं नाही, चपला घातल्या नाहीत. चपलांचाही प्रश्न नव्हता. आम्ही बाभळीपर्यंत आलो. पलीकडं पारूवहिनींचं अंगण दिसत होतं, जीप दिसत होती, सर्जेराव पिंक टाकताना दिसत होता. तिथं ती थांबली. तिनं पाय उचलला, पुढं टाकला, आणि तो होता तिथंच पडला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथंच. मी तिचा हात धरला. हात हलका होता, नुसता कागद धरावा तसा, आणि तो ओढला तरी बाई येत नव्हती.

प्रश्न चौतीस. गेल्या वर्षभरात गावाबाहेर गेलात का? हो लिहिलं तर प्रवासाचा तक्ता येतो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझी गाडी चुकंल."

संध्याकाळी मी होडगे मॅडमच्या खोलीत गेलो. समोर सबिता दीदींचा अहवाल होता, सही झालेला. मॅडम इतक्या आनंदात होत्या की त्यांनी मला खुर्ची दिली.

"मॅडम, बासष्ट नंबरच्या फॉर्ममध्ये दुरुस्ती करायचीय. तिला मुलगी आहे. शेजारी येतात. ती गावाबाहेर जाते. तंबाखू सोडायचा विचार आहे."

"दीदी परवा विचारून आल्या, सगळ्याला नाही आहे."

"ते मी चुकीचं लिहिलं होतं."

"तू चुकीचं लिहिलंस आणि तिनंही तेच चुकीचं सांगितलं?"

"हो."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना काय कळलं, किती कळलं, हे मला आजपर्यंत माहीत नाही. मग त्या हळू आवाजात, एक एक शब्द मोजून बोलल्या.

"हे बघ सुहास. नोंद खरी असेल तर आता ती पाच देशांत कुलूपबंद झाली, बदलता येत नाही. खोटी असेल तर बदलायचीही गरज नाही, ती काढून टाकतात. अख्खी. मग आपलं केंद्रही जातं, ते सोड, त्याचं मी बघून घेईन. पण ती बाई नोंदीतून जाते. तुझं काय म्हणणं आहे, सांग. खरी का खोटी?"

बाहेर सर्जेराव आणि बाकीची मंडळी पेढ्यांचा खोका उघडत होती. मला तो पुठ्ठा फाटल्याचा आवाज ऐकू आला.

काढून टाकली तर तिला आग होणार नाही. चट्टा नाही, डबी नाही, माळ नाही. पाऊण तास नाही.

"खरी," मी म्हणालो.

"मग पेढा घे."

पुढं प्रकल्प संपला. मुलाखतकार म्हणून माझं ओळखपत्र जमा झालं, आणि त्या घराला मीही बाकीच्यांसारखाच परका झालो. त्यानंतर मी तीनदा तिच्याकडं निघालो, एकदा तर दातांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन. तिन्ही वेळा बाभळीशी पोचलो आणि नंतर एसटी थांब्यावर सिमेंटच्या बाकावर बसलेला होतो. डॉक्टर म्हणाले, आपण इथं का आलो होतो? मला सांगता येईना. पारूवहिनी म्हणतात, धूर अजून निघतो सकाळचा, पण आता रोज नाही.

नऊ वर्षं झाली. कुलूप उघडायला पाच देशांच्या पाच सह्या लागतात. त्या देणारी समिती नेटवर्क संपलं त्याच वर्षी बरखास्त झाली. पत्ता मात्र चालू आहे, कारण पत्रं परत येत नाहीत. दर मार्चमध्ये मी एक पाठवतो. या वर्षीचं असं:

प्रति,
मा. अध्यक्ष, नोंद-दुरुस्ती समिती,
पंचदेशीय तंबाखू-नियंत्रण संशोधन नेटवर्क.

विषय: घर क्रमांक ६२, बोरजाईवाडी, येथील उत्तरदात्याच्या नोंदीत दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त नोंद घेताना निम्नस्वाक्षरीकाराने वेळेअभावी प्रश्न क्र. १४, २९, ३४ व ३८ यांची उत्तरे नकारार्थी नोंदवली. उत्तरदात्याच्या तोंडातील चट्ट्यावर उपचार होणे तातडीचे असल्याने ती होकारार्थी करण्यात यावीत. चारही बदल शक्य नसल्यास फक्त प्रश्न क्र. १४ विचारात घेण्यात यावा. उत्तरदात्यास एक मुलगी मंजूर करावी. मुलगी जवळच्याच गावी दिलेली, महिन्यातून दोनदा येणारी व आईचा हात धरून तिला बाभळीपलीकडे नेऊ शकेल अशी असावी. मुलीसाठीचे पान पूर्ण भरून सोबत जोडले आहे. नाव लिहिण्याची जागा मोकळी सोडली असून, ते उत्तरदात्यास विचारून भरावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सु. नांदवडेकर
(माजी मुलाखतकार)